वळख ठेवा, वैनी

सकाळी दुकानाचं कुलूप काढून लॅपटॉप उघडला की आसपासच्या वायफायची नावं एकेक करून पडद्यावर उगवायला लागतात. ‘देसाई वरचा मजला’. ‘आईची कृपा’. ‘नाद करायचा न्हाय’. ‘पासवर्ड इचारू नये’. चहा येईपर्यंत मी ती वाचत बसते. मधूनच एखादं नाव फिकं होतं, नाहीसं होतं, पुन्हा येतं. कुणीतरी दार लावलं असेल, कुणी खिडकी उघडली असेल. राजारामपुरीतली ती अर्धवट जागी गल्ली मला अशी नुसत्या नावांनी दिसते, आणि तेवढा वेळ मी कुठं बसलेय याचं भान मला खरंच राहत नाही. आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, म्हणतात, “तुझी तंद्री लागली की गिऱ्हाईक जिन्यावरनं परत जातंय.”

जाऊ दे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स, म्हणजे फुकट मिळणारी हलकी सिस्टीम, घालून देणं हा माझा धंदा. आधी एका कॉलेजात लॅब असिस्टंट होते, तिथंच हे वेड लागलं. नेहमीची सिस्टीम जड झाली, मशीन धापा टाकायला लागली, नवीन घ्यायची ऐपत किंवा इच्छा नाही, अशी माणसं माझा जिना चढतात. आणि एक आधीच सांगून ठेवते. आमच्याकडं कोल्हापुरात बायकाही ‘मी येतो’, ‘मी करतो’ असंच म्हणतात. लिहिताना मी शाळेतलं मराठी लिहिते, पण बोलताना माझ्या तोंडी ‘करतो’ आलं, तर मुद्रितशोधकांनी कृपा करून ते दुरुस्त करू नये.

लोकांना वाटतं, वायफाय म्हणजे भिंतीवरचा डबा. डबा ही अर्धीच गोष्ट. लॅपटॉपच्या आतही एक कारभारी लागतो. कोणतं नाव ओळखीचं, त्याचा पासवर्ड काय, दोन ओळखीची दिसली तर आधी कुणाकडं जायचं, मशीन झोपेतून उठली की पुन्हा कुणाला धरायचं, हे सगळं तो बघतो. विकतच्या सिस्टिमीत हा कारभारी कंपनीनं नेमून दिलेला असतो, तुम्हाला कुणी विचारत नाही. लिनक्समध्ये तो आपण निवडायचा. इथंच माझी अक्कल लागते, आणि इथंच ती एकदा गेली.

बहुतेकांना मी नेटवर्क मॅनेजर देते. हा मोठ्या घरचा दिवाणजी. वायफाय, केबल, मोबाईलचं नेट, ऑफिसचं व्हीपीएन, सगळं सांभाळतो आणि कोपऱ्यात चित्र दाखवतो. ज्यांना चित्र नको, त्यांचं तो काळ्या पडद्यावर टाईप केलेल्या आज्ञांनीही ऐकतो. अगदी अशक्त मशीन असली तर कॉनमॅन. नावावरून भामटा वाटेल, पण थोडकं खातो आणि गप काम करतो. पूर्वी विकेड नावाचा एक होता. नाव दुष्टाचं, स्वभाव गायीचा. माझा फार लाडका. पण त्याची देखभाल करणारं कुणी उरलं नाही, तेव्हा मीही त्याला हात लावायचं सोडलं. आणि जिला पडदाच नाही, केबल लावून नुसती कोपऱ्यात बसवायची, अशा मशीनला दिवाणजी कशाला? तिथं चार ओळींची फाईल लिहिली की भागतं. नियम एकच, एका मशीनला एकच कारभारी. दोन झाले की एक नेट धरतो, दुसरा सोडवतो, पहिला पुन्हा धरतो, आणि मालक बिचारा डब्याला शिव्या देत बसतो.

गिऱ्हाइकाचा स्वभाव बघून कारभारी द्यायचा असतो. जोतिबावरचे एक गुलाल-खोबऱ्याचे दुकानदार माझ्याकडं येतात. त्यांचा लॅपटॉप उघडला की आतला पंखा गुलाबी, स्क्रू गुलाबी, शेवटी माझं टेबल गुलाबी. त्यांना मी एकदा हौसेनं दोन आज्ञा शिकवायला गेले. ते म्हणाले, “वैनी, आज्ञा देवानं करायची. मी मशीनला आज्ञा करणार न्हाय. मला बटन द्या.” दिलं. याच्या उलट वारणानगरच्या कॉलेजातला एक विद्यार्थी. त्यानं मित्रांत रुबाब करायला चित्रं-बटणं सगळी काढून टाकली आणि परीक्षेचा फॉर्म भरायच्या दिवशी नेटच लावता येईना, तेव्हा तोंड बारीक करून आला. त्यालाही बटण दिलं आणि वर दोन शब्द ऐकवले.

माझा एक मोठा अभिमान होता, सफाईचा. कारभारी नुसता काढला की त्याच्या वह्या मागं राहतात. कोणती नावं ओळखीची, कुणाचा पासवर्ड काय, हे सगळं त्या वह्यांत. कारभारी गेला आणि वह्या राहिल्या की पुढं कधीतरी भुताटकी झाल्यासारखा घोळ होतो. म्हणून मी ‘पर्ज’ करायची. म्हणजे कारभारी आणि त्याच्या वह्या, दोन्ही एका फटक्यात साफ. लॅबमध्ये पोरांना मी ठासून सांगायची, उपटायचं तर मुळासकट.

अशा भरात असताना आण्णा आले. वारणेकडच्या एका गावचे, सत्तरीला टेकलेले, धोतर नव्हे पण टोपी कडक. लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला होता.

“वैनी, हे नेट धरतंय आन सोडतंय. धरतंय आन सोडतंय.”

“कुणाचा हाय?”

“आमच्या मंडळींचा. मास्तरीण होत्या त्या.”

‘होत्या’ मला ऐकू आलं. पण गिऱ्हाइकाच्या घरातलं विचारत बसायची मला सवय नाही. बाई माणूस एकटी दुकान चालवते म्हटल्यावर मी मुद्दामच तुटक वागते. तो तुटकपणा त्या दिवशी मला नडला.

मशीन उघडून बघितली आणि दोन मिनिटांत रोग सापडला. आत दोन कारभारी! बाईंनी कधीकाळी स्वतः घातलेला विकेड, आणि अलीकडं कुणीतरी सिस्टीम नवी करताना आलेला नेटवर्क मॅनेजर. दोघांची एका वायफायवर ओढाताण चाललेली. बाईंचा कारभारी म्हातारा झालेला, दुसरा ताज्या दमाचा. निवड करायला डोकं लागतच नव्हतं.

“जुना काढतो, नवा ठेवतो. उद्या न्या.”

आण्णा दारापर्यंत गेले आणि थांबले. टोपी सारखी केली. म्हणाले, “वैनी, तेवढी वळख ठेवा हं.”

आता कोल्हापुरात राहणाऱ्याला हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी सांगते. हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकते. ‘वळख ठेवा’ म्हणजे पुढच्या वेळी थोडं सांभाळून घ्या, काम आधी करा, रंकाळ्यावर दिसलो तर हाक मारा. निरोपाचं बोलणं ते. मान वर न करता मी म्हणाले, “ठेवतो की.”

आणि पर्ज केलं.

दुसऱ्या दिवशी आण्णा आले. मी मोठ्या रुबाबात लॅपटॉप उघडून दाखवला. नेट घट्ट. एकदाही सुटत नव्हतं. आण्णांनी माझ्या हातून माऊस घेतला, हळूहळू कोपऱ्यातल्या चित्रावर नेला, जपलेल्या नावांची यादी उघडली. यादीत एकच नाव होतं, माझ्या दुकानाचं.

“बाकीची कुठं गेली?”

“कसली बाकीची?”

“वळख,” ते म्हणाले. “काल सांगून गेलतो की तुमास्नी. वळख ठेवा म्हणून.”

 काय झालं ते मला अजून कळलं नव्हतं, पण काहीतरी भयंकर झालंय एवढं त्यांच्या आवाजावरून कळलं. ते स्टुलावर बसले आणि जमिनीकडं बघत बोलायला लागले.

विजयाबाई, त्यांची बायको, प्राथमिक शाळेत शिक्षिका. हुशार. तंत्रस्नेही शिक्षक म्हणून त्यांना तालुक्या-तालुक्यात दुसऱ्या शिक्षकांना कॉम्प्युटर शिकवायला पाठवायचे. कुठं दोन दिवस, कुठं तीन. लॅपटॉप खांद्याला लावून त्या एस्टीनं जायच्या. आण्णा एकदाही बरोबर गेले नाहीत. दोन वेळच्या धारा कोण काढणार? बाई घरी आल्या की सांगायच्या, तिथं असं होतं, तिथल्या खिडकीतून डोंगर दिसतो, तिथल्या बायका फार गोड. आण्णा म्हशीपुढं वैरण टाकता टाकता म्हणायचे, व्हय व्हय.

“कानानं ऐकत न्हवतो वैनी. नुस्तं व्हय म्हणत हुतो.”

बाई गेल्या. महिन्याभरानं शाळेतून निरोप आला की परीक्षेच्या काही फायली लॅपटॉपमध्ये आहेत, तेवढ्या द्या. आण्णा शाळेत गेले, मुख्याध्यापकांच्या खोलीत झाकण उघडलं, आणि कुणी काही न करता नेट लागलं. मुख्याध्यापक सहज म्हणाले, “बाईंचा लॅपटॉप आहे ना, तो ओळखतो शाळेला.”

हे वाक्य आण्णांच्या मनात जाऊन बसलं. घरी येऊन त्यांनी पुतणीकडून यादी उघडून घेतली. तेरा नावं. कुठल्या शाळेचं, कुठल्या केंद्राचं, कुठल्या मैत्रिणीच्या घरचं. म्हशी विकल्याच होत्या. त्यांनी एकेका नावाच्या गावाला जायला सुरुवात केली. एस्टीनं जायचं, शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीला टेकून बसायचं आणि झाकण उघडायचं. कोपऱ्यातलं चित्र थोडा वेळ फिरायचं, फिरायचं, आणि लागायचं. कुणी पासवर्ड विचारायचं नाही.

“मग मला कळायचं, हितं बसलीती ही. हितल्या हवेत तिची वळख हाय. थोडा येळ बसायचो. भाकरी खायाचो. माघारी यायचो.”

“आत नाही गेलासा कधी?”

“आत जाऊन काय सांगू? कुणी इचारलंच तर म्हणायचो, सर्विसला आलोय, नेट बघायला.”

नऊ गावं झाली होती. चार राहिली होती. आजरा शेवटी ठेवलं होतं, कारण तिथून बाई तीन दिवसांनी आल्या तेव्हा फार खुशीत होत्या आणि का खुशीत होत्या ते आण्णांनी ऐकलंच नव्हतं.

मी म्हणाले, चूक झाली. तीनदा म्हणाले. आण्णा म्हणाले, “तुमची न्हवं. मीच वळख म्हणलो, तुमी वळख ऐकली.” त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. लॅपटॉप ठेवून घेतला आणि चार दिवस त्याच्याशी झटले. जुन्या फिरत्या डिस्कवर पुसलेल्या गोष्टींचे चिठोरे कधीकधी सापडतात. या मशीनमध्ये नव्या धर्तीची एसएसडी होती, ती पुसलेलं मागं ठेवत नाही. बाईंनी स्वतःच्या बोटांनी टाईप केलेले तेरा पासवर्ड जुन्या कारभाऱ्याच्या वहीत होते, आणि ते मी एका ओळीच्या आज्ञेनं पुसले होते, तेही स्वच्छतेच्या नावाखाली. हल्ली मी काहीही काढण्याआधी वह्यांची प्रत करून ठेवते आणि गिऱ्हाइकाला समोर बसवून विचारते, ह्यातलं काय काय जपायचं? लोकांना वाटतं, बाई चौकस झाली.

मग मला एक युक्ती सुचली. चारही ठिकाणी फोन करायचा, पासवर्ड मागायचे, आणि नावासकट मशीनमध्ये घालून ठेवायचे. मशीन त्या गावाला गेली की आपोआप नेट धरेल. पहिल्यासारखंच! मी आण्णांना फोन करून हे सांगितलं तेव्हा माझा आवाजच आनंदानं वर गेला होता.

 आण्णा म्हणाले, “त्ये तुमी पढवल्यालं झालं वैनी. पोपटागत. ऱ्हाऊ द्या.”

ते लॅपटॉप घेऊन गेले. पण मला चैन पडेना. सकाळी दुकानात नावं वाचायला बसले की मनात यायचं, आपण चालतो त्या हवेत किती जणांच्या ओळखी अशा तरंगत असतील, आणि मी किती पुसल्या असतील. किती वर्षं, किती मशीनी! त्यांचे मालक काही बोलले नाहीत म्हणजे काही गेलं नाही, असं थोडंच आहे? दिवाळीच्या आधी एका रविवारी मी आण्णांना फोन केला आणि म्हणाले, “आजऱ्याला जाऊन येऊया. माझी गाडी हाय. मी चालवतो.”

“कशाला? आता काय धरणार न्हाई त्ये.”

“नाही धरलं तर नाही धरलं. घनसाळ तांदूळ तरी घेऊन येऊ.”

सोमवारी निघालो. गडहिंग्लज मागं पडलं तशी हवा बदलली. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात पिकून वाकलेलं, वर पातळ धुकं, आणि त्या भाताचा वास काच खाली न करताही गाडीत येत होता.   मला त्या रस्त्यावर असं वाटत राहिलं की गाडी आम्ही चालवत नाही, ती आपली आपण चाललीय आणि आम्ही दोघं तिच्यात झोपलोय. गाव जवळ आलं आणि कुठूनतरी भाजलेल्या काजूचा खमंग धूर आला तेव्हा आण्णा म्हणाले, “काजूगर आणलते तिनं. मी म्हणलो, ठेव तितं.”

शाळा रस्त्यालगतच होती. कौलारू, समोर पटांगण. मधली सुट्टी होऊन गेल्यामुळं सगळं शांत होतं. आण्णा सवयीनं भिंतीबाहेर, रस्त्याच्या मोरीच्या कठड्यावर बसले, मी शेजारी उभी राहिले. त्यांनी झाकण उघडलं. नावं यायला लागली. पहिल्यांदा शेजारच्या किराणा दुकानाचं, मग कुठल्या घराचं, आणि मग शाळेचं. आण्णांनी त्याच्यावर बाण नेला आणि दाबलं. चित्र फिरलं, फिरलं. मी श्वास धरून बघत होते. माझ्यासारखी बाई, जिला पक्कं ठाऊक की आत काही उरलेलं नाही, तीसुद्धा देवाला म्हणत होती, धर, एकदा धर.

पांढरी चौकट वर आली. पासवर्ड?

आण्णा त्या रिकाम्या चौकटीकडं बघत राहिले.

“कोण म्हणून इचारतंय,” ते म्हणाले.

मला रडू आलं. मी तोंड फिरवलं आणि म्हणाले, “बसा, मी आत जाऊन विचारून येतो.”

“थांबा वैनी. मी जातो.”

उघडा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून ते फाटकातून आत गेले. मी मागोमाग. ऑफिसमध्ये एक बाई हजेरीचं काम करत बसल्या होत्या. चाळिशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला. त्यांनी वर बघितलं.

“काय पायजे, पावणं?”

“वायफायचा पासवर्ड.”

“बाहेरच्यास्नी देत न्हाई आमी. सर्विसला आलासा काय?”

 मी तोंड उघडणार होते, काहीतरी सांगून वेळ मारून नेणार होते. पण ते स्वतःच बोलले.

“न्हाई. विजयाबाई आलत्या न्हवं हितं, तीन दिस, कॉम्प्युटर शिकवायला? त्या बाईंच्या घरातला मी.”

बायकोला ‘घरातली’ म्हणणारे पुरुष मी जन्मभर ऐकत आले. माझे मालकही मला तेच म्हणतात. पण कुण्या गड्यानं, तेही टोपीवाल्या शेतकऱ्यानं, स्वतःला कुणाच्या ‘घरातला’ म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं.

त्या बाई उठून उभ्या राहिल्या. “विजयाबाईंचं? आवं मग हुबं का? बसा की!” त्यांनी खुर्ची ओढली, पदरानं पुसली, आणि आतल्या वर्गाकडं तोंड करून कुणाला तरी हाक मारली, “आवं या हिकडं, विजयाबाईंच्या घरातनं आल्यात!” दोन शिक्षिका खडूचे हात झटकत दारात आल्या. एकीनं विचारलं, बाई कशा आहेत? चष्मेवाल्या बाईंनी आण्णांच्या चेहऱ्याकडं बघून तिचा हात धरला. 

मग चष्मेवाल्या बाई भिंतीवर चिकटवलेल्या चिठ्ठीकडं वळल्या. “लिवून घ्या पासवर्ड.”

“त्यो ऱ्हाऊ द्या,” आण्णा म्हणाले. लॅपटॉप त्यांनी माझ्या हातात दिला आणि खुर्ची त्या तिघींच्या जवळ सरकवली. “ती काय काय बोलायची हितं, त्ये सांगा. मला येळ हाय.”